आमच्या नर्सबाई

आंबागडच्या किल्ल्याखालच्या आमच्या गावात वाघाला न घाबरणारी माणसं पुष्कळ होती; पण साहेबाला, सरपंचाला आणि व्याकरणाला एकाच वेळी न घाबरणारं माणूस एकच, आमच्या नर्सबाई. सत्तरच्या दशकात त्या केरळातून इथल्या उपकेंद्रात आल्या, तेव्हा एका हातात पत्र्याची पेटी आणि कडेवर दीड वर्षाची लिली होती. कपाळाला आठ्या घालून बायांनी विचारलं, "नवरा कोठी हाय?" आखातात कामाला गेलेला तो माणूस परतलाच नव्हता. बाई शांतपणे म्हणाल्या, "हरवला. सापडला तर तुम्ही ठेवा." त्यानंतर तो प्रश्न गावात कुणी काढला नाही.

मराठी त्या धानाच्या रोवण्याला जाणाऱ्या बायांकडून शिकल्या. त्यांच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी होतं, त्या स्वतः धरून. "गुरुजी, मी येऊन राहिला," असं मला ओरडून सांगत त्या सायकलवरून माझ्या शाळेत शिरायच्या आणि टोचायला आल्या म्हणून निम्मी शाळा खिडकीतून पळायची. बाईमाणसानं सायकल चालवणं सरपंचांना रुचलं नाही, तर बाईंनी दुसऱ्या दिवशी लिलीला पुढच्या दांडीवर बसवून त्यांच्याच दारावरून तीन फेऱ्या मारल्या.

लिली सात वर्षांची असताना एका दुपारी नाल्याला पूर आला आणि पलीकडच्या टोलीवर, चार घरांच्या वस्तीत, एक बाई बाळंतपणात अडली. काठावर सगळं गाव जमलं.

"पानी लय हाय जी नर्सबाई, कायले जीव देता?" नाल्यात मासे धरणारा म्हातारा ढिवर म्हणाला.

"बाळ थांबून राहिला का? मग मी कायले थांबू?"

त्यांनी गूळ करायची भलीमोठी कढई मागवली, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन आत बसल्या आणि दोन ढिवर पोहत ती ढकलू लागले. निघताना लिलीचा हात त्यांनी माझ्या हातात दिला होता. "गुरुजी, मी नाही आला तर हिला शिकवा. पोळ्या नको. गणित." पोरगी रडली नाही. कढई गोल गोल फिरत दिसेनाशी झाली. दिवस कलता कलता ती परत दिसली, आणि पाण्याच्या मधूनच बाईंची आरोळी आली, "पोरगी झाला!"

बक्षीस म्हणून वरून साहेबाची नोटीस आली : परवानगीशिवाय मुख्यालय का सोडलं? बाईंनी उत्तर लिहिलं, "पलीकडे बाईचा पोट दुखत होता. परवानगीचा पोट दुखत नव्हता." मी दुरुस्त करू लागलो, तर कागद ओढून घेत म्हणाल्या, "व्याकरण तुमचा, उत्तर माझा." उत्तर तसंच गेलं. पुन्हा नोटीस आली नाही.

लिली गणितात तालुक्यात पहिली आली आणि नागपूरला कॉलेजात निघाली. तुमसरच्या स्टँडवर बाईंनी कंडक्टरला दम भरला, खिडकीजवळची जागा मिळवली, वेणीची रिबन तीनदा सोडून बांधली. बस सुटली. धुरळा बसेपर्यंत त्या हात हलवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"गुरुजी, नागपूर लय दूर हाय का जी?"

"नाही सिस्टर, जवळच आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पण स्टँडवरून निघायचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.