रिकामा वाटा

सुचिता आमच्या घरमालकाची मुलगी. करावे गावात तिच्या वडिलांच्या, धर्मराजभाऊंच्या बिल्डिंगमध्ये मी कित्येक वर्षं भाड्याने राहते. नवरा गेल्यावर एकटी उरलेल्या साताऱ्याच्या या खडूस बाईला त्या घराने कधी परकं मानलं नाही. तरी सुचिताच्या नोकरीला मी नावं ठेवायचे. वाशीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातून ती कॉम्प्युटरवरून पेशंटना मेसेज पाठवते. "लोकांचे मोबाइल भरायचा पगार घेतेस," असं मी म्हणायचे. ती नुसती हसायची.

यंदा तिच्याच दवाखान्याचा तसा एक मेसेज मला आला. असले मेसेज मी न वाचताच पुसते. हा मात्र एका ओळीचा होता, पुसायच्या आत वाचून झाला. 'तपासणीला वर्ष उलटलं, डोळे दाखवून जा.' माझा मधुमेह जुना, आळस त्याहून जुना. तरी गेले. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरायला लागलं होतं. उशीर केला असता तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. लेझर झालं आणि डोळा वाचला.

बेसनाचे लाडू घेऊन मी खाली गेले. म्हटलं, "आठवणीने माझं नाव घातलंस गं."

"मी नाय घातलं, काकी," ती म्हणाली आणि समजावत बसली. तपासणी चुकवलेल्यांची नावं सॉफ्टवेअर न बघता तीन गटांत टाकतं. पहिल्यांना सवलतीचा मेसेज, दुसऱ्यांना डॉक्टरांच्या आवाजातला फोन. तिसऱ्यांना काहीच नाही, म्हणजे आपण होऊन किती येतात ते कळतं. तिच्या वरिष्ठ अस्मिता मॅडमनी तसं ठरवलं होतं.

तिथे सुचिता अडून बसली. खाडीवरून आल्यावर धर्मराजभाऊ आणि त्यांचे जोडीदार अंगणात मासळीचे वाटे घालतात. एकजण पाठ करून बसतो. दुसरा वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा नाव घेईल त्याचा तो वाटा, मग कुरकुर नाही.

"मॅडमना बोलले, न बघता वाटा, ते बरोबर हाय. पन रिकामा वाटा आमच्यात कोनी घालत नाय."

मॅडम चिडल्या. मग तुलना कशाशी करायची, म्हणाल्या. हिची नोकरी अजून कायम व्हायची होती, तरी ही हटली नाही. शेवटी तिसऱ्या गटाला दवाखान्याचा जुना, एका ओळीचा मेसेज द्यायचं ठरलं.

एका ओळीचा. मी डबा खाली ठेवला. "माझं नाव कुठल्या गटात होतं, बघ जरा."

तिने लॅपटॉप उघडला, शोधलं आणि बघतच राहिली. "तिसऱ्या," म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

ओळखीच्या काकीसाठी ती भांडली असती तरी मी जन्मभर उपकार मानले असते. ही पोरगी कधी न पाहिलेल्या माणसांसाठी भांडली, आणि त्यांत मी निघाले. मला रडू आलं. तिने मलाच लाडू भरवला, मधुमेह म्हणून अर्धा.

परवा सकाळी अंगणात पुन्हा वाटे पडले. मी गॅलरीत उभी होते. "हा कोनाचा?" खालून आवाज आला.

"वरच्या काकीचा," पाठमोरे धर्मराजभाऊ म्हणाले.

बोईट मासळी होती. वरून मला एकेकीचं खवलं न् खवलं दिसत होतं.