मिस लोरेनची खाकी कव्हरं

सई होस्टेलवरून एरवी मेसेज टाकते, फोन करत नाही. दीड महिन्यापूर्वी फोन वाजला तेव्हाच ओळखलं, काहीतरी वाईट घडलंय. "आई... मिस लोरेन इज गॉन."

मिस लोरेन सईच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थिनी आणि तिथल्याच निवृत्त शिक्षिका. आम्ही राहतो अमेरिकेतल्या कॅरी गावात, शाळा शेजारच्या शहरात. गोऱ्यांच्या शाळांची दारं बंद होती तेव्हा काळ्या मुलांसाठी ती उभी राहिली. आता तिथे सगळ्या रंगांची मुलं शिकतात. लायब्ररीमागच्या एका खोलीत मिस लोरेननी शाळेचा इतिहास जपला होता... बँडचे गणवेश, ट्रॉफ्या, फोटो, जुनी पुस्तकं. सईला न्यायला मी मुद्दाम लवकर जायची आणि त्या खोलीत रमायची. तिकडच्या रीतीनं सगळे त्यांना 'मिस लोरेन' म्हणत आणि त्या लहानथोर सगळ्यांना लाडानं 'बेबी'. मला मात्र त्या पहिल्या दिवसापासून मावशीच वाटल्या.

एकदा त्या आजारी पडल्या. म्हटलं, तेवढ्यात खोली आवरून ठेवू. पुस्तकांची कव्हरं पार विटलेली, डागाळलेली. दर जूनमध्ये पुस्तकांना खाकी कव्हरं घालत वाढलेली मी, माझे हात शिवशिवले. दोन दुपारी बसून जुनी काढली, रद्दीच्या डब्यात टाकली आणि नवी कोरी चढवली. कडा अशा दुमडल्या की माझ्या आईनंही नावं ठेवली नसती. स्वतःवर भलतीच खूश होते मी.

त्या आल्या, एक पुस्तक उचललं आणि मटकन खुर्चीत बसल्या. "जुनी कुठे आहेत, बेबी?"

मग कळलं. ही पुस्तकं गोऱ्या मुलांनी वापरून झाल्यावर इथे आलेली, वर त्यांच्या शाळेचा शिक्का. तो झाकायला इथली काळी मुलं वाण्याच्या कागदी पिशव्या कापून कव्हरं घालत आणि त्यावर आपलं आणि आपल्या शाळेचं नाव लिहीत. "पुस्तक त्यांचं होतं," त्या म्हणाल्या, "कव्हर तेवढं आमचं."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. आम्ही दोघींनी डबा उपसला. बरीचशी कव्हरं मिळाली, पण पहिल्या दुपारची रद्दी गेली होती. मला रडू आवरेना. त्या मात्र एकेक कागद तळहातानं सपाट करत होत्या. "यू डिडन्ट नो, बेबी. नाऊ यू नो. आता मुलांना तू सांगायचं." तेव्हापासून दर वर्षी शाळेत आलेल्या नव्या मुलांना मी कव्हर घालायला शिकवते, ही गोष्ट सांगते आणि ती आपापली नावं लिहितात. "आई, यू आर सो एक्स्ट्रा!" म्हणजे अतीच करतेस, असं चिडवत सईनंही लिहिलं होतं.

त्या गेल्यानंतर मी प्रथमच खोलीत गेले ती गेल्या आठवड्यात. मुलांबरोबर पुस्तकं पुसताना बीजगणिताचं एक हाती आलं. कव्हर मी घातलेलं. त्यावर थरथरत्या, म्हाताऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'लोरेन, नववी' आणि खाली शाळेचं नाव. म्हणजे कायमच्या गेलेल्या कव्हरांत त्यांचंही होतं... आणि इतक्या वर्षांत त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत.

कव्हराची एक कड सुटली होती. माझ्या बाजूला पुस्तकं पुसणारी एक मुलगी नवा कागद घेऊन पुढे आली.

"नको गं," मी म्हटलं, "हे काढायचं नाही." आणि कड पुन्हा दुमडून बसवली.