शेवंताबाईचा पगार

कंडक्टरकीतून रिटायर झालो तेव्हा वाटलं होतं, लोकांची कटकट संपली. पण आमच्या मेडशी गावात ज्याला थोडं लिहिता-वाचता येतं आणि दुपारी काम नसतं, त्याला म्हातारी माणसं सोडत नाहीत. "कंडक्टर भाऊ, जरा तालुक्याले चाल" म्हणून घेऊनच जातात. या फेऱ्यांमधून पगार हाती लागो न लागो, किस्से मात्र लागतात. म्हाताऱ्यांना सरकारकडून दर महिन्याला जे मिळतं त्याला आमच्याकडे पगारच म्हणतात. तो मंजूर करून घ्यायला जी नोकरी करावी लागते ती पाहता शब्द बरोबर आहे.

या किश्शांत शेवंताबाई पुष्कळदा येते. बौद्धवाड्यातली. नवरा केव्हाच गेलेला, सारा जन्म दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करण्यात गेलेला. अंगानं काटकुळी; जीभ मात्र तशी नाही.

*

पहिल्या दिवशीच अडलं. अर्ज ऑनलाइन भरायचा, म्हणून सेवा केंद्रावर गेलो. मशीनवर तिचा अंगठा काही उमटेना. केंद्रवाल्यानं तिचं बोट पुसलं, ओलं केलं, पुन्हा पुसलं. मग दहाही बोटं लावून झाली. शेवटी तो म्हणाला, आजी, तुमच्या बोटांवर ठसेच राहिले नाहीत.

शेवंताबाई शांतपणे म्हणाली, "ठसे सोयाबीनच्या वावरात हायेत बापू. मशीन तिकडं घेऊन चाल."

शेवटी बोटांऐवजी डोळे टिपणारं मशीन मागवून काम झालं.

*

योजनेचं नाव श्रावणबाळ. आणि तिथं अडचण आली ती शेवंताबाईच्या मुलाची! तो बायकोला घेऊन पुण्याला गेला, तो तिकडचाच झाला. फोन नाही, चिठ्ठी नाही. पण कचेरीतल्या बाबूंनी कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं की बाई, तुम्हाला कमावता मुलगा आहे, तुम्ही निराधार कशा?

मी मध्ये पडून समजावणार, तेवढ्यात ती टेबलावर वाकली. "तुमाले सापडला का थो? मले तर कईचा दिसला नाही. सापडला असंन तर द्या, घरी घेऊन जातो."

बाबूंनी चष्मा पुसायला काढला. मुलगा सांभाळत नाही असा दाखला गावातून आणा, एवढंच म्हणाले. ती मात्र बाहेर येऊन पायरीवर बराच वेळ बसून राहिली.

*

देवराव म्हणजे आमच्या गावातलं मोठं खटलं. ओलिताची जमीन, दोन मजली घर. त्यांनीही अर्ज केला होता, आणि उत्पन्नाचा दाखला पाहिला तर देवरावांपेक्षा गरीब माणूस पंचक्रोशीत सापडला नसता.

चौकशीला साहेब आले. अंगणात नवा कोरा ट्रॅक्टर उभा. हा कोणाचा, असं साहेबांनी विचारलं. देवराव म्हणाले, पाहुण्याचा आहे. ट्रॅक्टरच्या तोंडावर रंगीत अक्षरांत 'देवराव' असं लिहिलेलं होतं. साहेबांनी ते वाचलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "पाहुण्यांचं नाव तुमच्यासारखंच आहे."

"नात्यातलेच हायेत ना साहेब."

देवरावांचं प्रकरण पहिल्याच बैठकीत मंजूर झालं. मी ही बातमी शेवंताबाईला सांगितली. ती तूर पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "माह्या घरचे पाहुने पायदळ येतात ना. म्हून अडकलं असंन."

*

मग कचेरीत नवे साहेब आले. तरुण, शहरातले, फार कडक. आमच्या गावच्या अर्जांचा गठ्ठा चाळताना ते एकदम थांबले. सगळ्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख एक जानेवारी! ज्याला तारीख माहीत नाही त्याच्या नावापुढे आधारवाल्यांनी हीच लावून दिली होती, पण साहेबांना यात घोटाळ्याचा वास आला. एकाच गावात इतकी माणसं एकाच दिवशी कशी जन्मली, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून विचारलं.

मागून शेवंताबाईचा आवाज आला, "तवा गावात एकच सुईन होती साहेब. तिनं एका दिसात एवढं काम केलं, आता पयला पगार तिलेच द्या."

*

मध्यंतरी तालुक्याला ज्येष्ठांसाठी शिबिर झालं. काठ्या, चष्मे, कानाची मशीनं वाटली. मला एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून मशीन मिळालं. तिथंच लावून दिलं. बऱ्याच वर्षांनी सगळा आवाज स्वच्छ कानात शिरला, आणि तो होता प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाचा. आईवडिलांची सेवा, संस्कार, आमचं सरकार... पाहुणे थांबायचं नाव घेईनात.

शेवंताबाई शेजारीच बसली होती. तिनं मला कोपरानं ढोसलं. "बंद कर ना भाऊ. सेल कायले जाळून राह्यला?"

*

ज्येष्ठांना एसटी फुकट झाल्यावर आमच्या फेऱ्या वाढल्या. कधी सर्व्हर बंद, कधी साहेब मीटिंगला, कधी एक झेरॉक्स कमी. एकदा असंच रिकाम्या हातानं परतताना मी तिला म्हणालो की निदान तिकीट तरी लागत नाही.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हो ना. फुकट आनतात, फुकट वापस पाठवतात."

*

शेवटी तिचं प्रकरण मंजूर झालं. पत्रं वाटायचा मोठा कार्यक्रम ठेवला होता. मांडव, हार, कॅमेरावाले. नाव पुकारल्यावर शेवंताबाई धुवट लुगडं नेसून, पायऱ्यांना हात टेकत स्टेजवर चढली. नेत्यांनी तिच्या हातात पत्र दिलं आणि ते सोडलं नाही, कारण फोटो नीट आला नव्हता. मग पुन्हा दिलं.

सूत्रसंचालक हुशार होता. त्यानं माइक तिच्या तोंडापुढे धरला, नेत्यांकडे बघून हसला आणि विचारलं, "आजी, इतकी वर्षं अडलेला पगार आज तुम्हाला मिळाला. कोणामुळं मिळाला, सांगा बरं सगळ्यांना."

शेवंताबाईनं माइक स्वतःच्या हातात घेतला.

"मरनामुळं भेटला," ती म्हणाली. "थे आलं नाही म्हून."

टाळ्या आधीच ठरलेल्या होत्या. त्या वाजल्या.