आईच्या नावाचं शेत

कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये तिला सगळे चिमटी म्हणत. एक तर दिवसभर तिच्या हातात चिमटा असे, आणि दुसरं म्हणजे तिचं बोलणं. मेणाच्या हिरडीत एकेक दात ती असा बसवायची की दातांच्या डॉक्टरला नाव ठेवायला जागा राहत नसे. आणि कुणी उगाच नाव ठेवलंच, तर त्याला असा एखादा शब्द सुनावायची की तो पुढं कितीतरी दिवस तिच्या टेबलाकडं फिरकायचा नाही. पन्नाशी उलटलेली, लग्नाच्या फंदात न पडलेली, आई गेल्यापासून घरात एकटी.

तिच्या धंद्याची एक रीत होती. कवळी कधी एकदम पक्की करत नाहीत. आधी मेणात दात लावायचे. ते त्या माणसाच्या तोंडात घालून बघायचं, त्याला हसवायचं, बोलायला लावायचं. दात पुढं आला तर मागं घ्यायचा, ओठ फुगला तर मेण खरवडायचं. सगळं मनासारखं झालं की मगच पक्कं करायचं, कारण एकदा पक्कं झालं की चूक कायमची त्या माणसाच्या तोंडात. ही रीत चिमटीच्या अंगात एवढी मुरली होती की चपला घ्यायच्या असल्या तरी म्हणायची, आधी मेणात बघू. लॅबमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर काही कवळ्या मेणातच राहून गेलेल्या होत्या. ज्यांच्यासाठी केल्या ते त्या घालून बघायला आलेच नाहीत. त्या फळीकडं ती सहसा मान वर करून बघायची नाही.

मेणात न बघता ती आयुष्यात एकदाच बोलली, आणि नेमकं ते थोरल्या बहिणीला.

आई अंथरुणाला खिळली होती. ताई दूरच्या शहरात. दर फोनला येते, येते म्हणायची आणि येणं काही व्हायचं नाही. आली ती सगळं उरकल्यावर. चिमटीनं दार उघडलं, ताईला आत घेण्याऐवजी दारातच अडवलं आणि म्हणाली, "आता कशाला आलीस? आईबरोबर तूही गेलीस मला."

ताईनं उंबरा ओलांडला नाही. खाली ठेवलेली पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली. चिमटीनं त्याच रागात तिचा नंबर फोनमधून पुसून टाकला. पुढं आईचा नंबरही बंद करून टाकला. गेलेल्या माणसाला कशाला हवाय फोन, असं तिचं म्हणणं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

आईच्या खोलीत खिडकीखाली एक जुना संगणक होता. ताईनंच कधीतरी पाठवलेला. पडल्या पडल्या आईचा जीव रमावा म्हणून तिनं फोनवरून शिकवून शिकवून आईला त्यावर एक खेळ लावून दिला होता. खेळ म्हणजे एक गाव. ज्याला त्याला एक घर, एक शेत, एक विहीर, एक कुंपण आणि आपल्या नावाची एक बाहुली. रोज पाणी घालायचं. नाही घातलं तर तण माजतं आणि शेवटी शेत हातचं जातं. शेजाऱ्याच्या शेतालाही पाणी घालता येतं. आईच्या शेजारचं शेत ताईचं. दोघी मायलेकी रोज संध्याकाळी त्या कुंपणाशी भेटायच्या आणि चिमटी स्वयंपाकघरातून ओरडायची, की इथं खरी कुंडी वाळून चाललीय, तिच्यात घाला पाणी.

आई गेल्यावर कितीतरी महिन्यांनी एकदा धूळ झटकताना तिनं संगणक चालू केला. पंखा घरघरला आणि काही न विचारता खेळ आपोआप उघडला. तिला वाटलं होतं, आता तणच दिसणार. पण आईचं शेत हिरवंगार होतं. आणि ती बघत असतानाच कुंपणापलीकडून पिवळा रुमाल बांधलेली एक बाहुली आली, झारीनं आईच्या वाफ्यांना पाणी घालू लागली.

ती ताई होती. रोज येत होती. मेलेल्या आईच्या शेताला पाणी घालत होती.

चिमटीचा हात नकळत माऊसवर गेला आणि पांढऱ्या केसांची आईची बाहुली एक पाऊल पुढं सरकली. पिवळा रुमाल जागच्या जागी थिजला. मग पाठ वळवून घरात गेला. आपण हे काय केलं? तिकडं ताईनं मेलेली आई चालताना बघितली.

पण दुसऱ्या दिवशी पिवळा रुमाल पुन्हा आला. मग रोजच. लॅबमधून आलं की चहाचा कप घेऊन चिमटी संगणकासमोर बसायची. ती ताईच्या शेताला पाणी घालायची, ताई आईच्या. मग दोघी कुंपणाशी जरा वेळ उभ्या राहायच्या. खाली लिहायला एक चौकट होती. तिच्यात चिमटीनं किती वेळा वाक्यं लिहिली आणि पाठवायच्या आधी पुसली. सगळी मेणातच राहिली. पलीकडूनही कधी अवाक्षर आलं नाही. पण ताई आहे, धडधाकट आहे, एवढं रोज कळायचं आणि त्यावर तिची रात्र सुखाची जायची.

आणि एक दिवस शेताच्या जागी राखाडी पाटी आली. या महिन्यानंतर हा खेळ तुमच्या संगणकावर चालणार नाही, तुमची यंत्रणा फार जुनी झाली आहे. पाटीवर एक फुली होती. ती दाबली की शेत दिसायचं, पण दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा हजर.

तिनं कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. त्यानं यंत्राचं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि आजोबांची तब्येत बघावी तसा हसला. याला नवी यंत्रणा झेपणार नाही, म्हणाला, जिना चढायला लावलंत तर मधल्या पायरीवरच बसकण मारेल. नवा संगणक घ्या, त्यात खेळ उघडा, शेत आहे तसं समोर येईल. फक्त पासवर्ड टाकायचा.

पासवर्ड आईला ठाऊक होता. या संगणकाला ठाऊक होता, पण तो पडद्यावरच्या चांदण्यांच्या ओळीआड लपवून बसला होता. नवा मागवायचा तर तो आईच्या फोनवर येणार, आणि तो नंबर चिमटीनं स्वतःच्या हातानं बंद केलेला.

"अजून कुणाला माहीत असेल?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं.

"बहिणीला. तिनंच लावून दिला होता."

"मग विचारा की त्यांना. हात्तिच्या, एवढ्यासाठी मला बोलावलंत होय."

चिमटीनं नुसते त्याच्या हातात पैसे ठेवले. नेहमीची असती तर त्याची चांगलीच काढली असती. त्यानं जाता जाता सुचवलं, की मग तुमच्या नावानं नवं शेत घ्या. तिनं त्यावर विचारही करून बघितला. पण मग ती त्या गावात आईची नव्हे, आपली बाहुली घेऊन उभी राहणार. ताई पाणी घालत होती ते आईच्या शेताला. धाकटीचं नाव दिसल्यावर ती कुंपणाशी कशाला थांबेल?

लॅबमध्ये तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. एका कवळीत तिनं डावीकडचा सुळा उजवीकडं लावला. पलीकडच्या मशीनवर कवळ्यांना चकाकी आणणारा पॉलिशवाला तिचा जुना सोबती, तिच्या टोमण्यांना पुरून उरलेला. त्यानं तो सुळा बघितला आणि विचारलं, काय झालंय? तिनं पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत मशीनचं चाक पुसत राहिला.

"म्हणजे तू आईच्या नावानं खेळतेस," तो म्हणाला. "आणि समोरची ताईच, हे कशावरून?"

"तिच्या नावाची बाहुली आहे."

"तुझ्याकडं पण आईच्या नावाचीच आहे की."

त्यानं ते सहज म्हटलं आणि मशीन चालू केलं. चिमटीच्या हातातला चिमटा मात्र तसाच अधांतरी राहिला. इतकी वर्षं ती मेलेल्या बाईला रोज शेतात फिरवत होती, आणि पलीकडंही कुणी तेच करत असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. ताई पाणी नेहमी कुंपणाकडून घालत यायची, विहिरीकडं संपवायची. अलीकडं उलटं चाललं होतं. ताईला वाफे सरळ ओळीत लागायचे, ती शाळेत मास्तरीण, पोरांच्या रांगा लावायची सवय तिला. आणि आता तिच्या शेतात मुळ्याच्या मध्येच फुलं उगवत होती. पिवळा रुमाल कधी भरभर चालायचा, कधी मध्येच थांबून राहायचा, जणू कुणाला तरी विचारतोय. चिमटीनं हे सगळं बघितलं होतं आणि माणसाच्या सवयी बदलतात म्हणून सोडून दिलं होतं. दात बसवणाऱ्या बाईला सुळा कुठल्या बाजूचा हे कळतं, आणि बहिणीची चाल बदललेली कळली नाही. आईबरोबर तूही गेलीस मला. तिचेच शब्द तिच्या कानात घुमू लागले.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चहा टाकला नाही. चपलाही न काढता संगणकासमोर बसली. पाटीवरची फुली दाबली. उजेड अजून खिडकीत होता. पिवळा रुमाल विहिरीकडून पाणी घालत कुंपणाकडं येत होता. उलटाच.

खालच्या चौकटीत तिनं लिहिलं, "ताई, ही आई नाही. मी आहे." या वेळी पुसलं नाही.

ते शब्द पांढऱ्या फुग्यात आईच्या बाहुलीच्या डोक्यावर आले. आईच्या तोंडून ते बघताना ती खुर्चीत मागं सरकली. पिवळा रुमाल थांबला. झारी हातात, पाणी पडायचं बंद. पंखा घरघरत होता. काही येईना. खिडकीतला उजेड टेबलावरून खाली उतरला तरी काही येईना.

मग समोरच्या डोक्यावर फुगा आला.

"मावशी?"

चिमटीला मावशी म्हणणारं जगात एकच माणूस होतं, ताईची मुलगी. म्हणजे पलीकडं ताई नव्हती. जी बोटं तांदळाएवढा दात केसाच्या फरकानं बसवतात त्यांना अक्षरं सापडेनात. कसंबसं तिनं लिहिलं, ताई कुठंय.

भाची तुकड्यातुकड्यानं लिहीत होती. प्रत्येक तुकडा येईपर्यंत चिमटीचा जीव टांगणीला. आई आहे. इथंच आहे. तिला आता बसवत नाही. बाजूला पडून बघते, ती सांगते आणि मी करते. पण मला तिच्यासारखं जमत नाही, ती ओरडते.

ताई ओरडते आहे, हे वाचून चिमटीला हुंदका आला. तोंडावर हात दाबून ती वाचत राहिली.

"आई म्हणते, तूच आहेस हे तिला पहिल्या दिवशीच कळलं. आजीनं मुळ्याला एवढं पाणी कधीच घातलं नसतं. सगळा मुळा कुजवलास, म्हणते."

चिमटी रडता रडता हसली. मग तिनं तेच विचारलं, जे ती कुणालाही आधी विचारते. खाते का?

नाही, भाचीनं लिहिलं. पातळच घेते थोडं. कवळी सारखी निसटते. बसेनाशीच झाली आहे.

चिमटीचं हसू विरलं. हे वाक्य ती पुरतं ओळखून होती. माणूस आतून उतरत चाललं की हिरड्याही उतरतात आणि चांगली बसलेली कवळी तोंडात खुळखुळायला लागते. मग घरचे धावपळ करून नवी करायला टाकतात. तिचे दात मेणात लागतात, आणि ती घालून बघायला कुणी येत नाही. लॅबच्या वरच्या फळीवर अशाच घरांच्या कवळ्या होत्या. दोन-चार तर तिच्याच हातच्या.

फुगा पुन्हा आला.

"आई विचारते, येतेस का." आणि लगेच खाली, "नुसतं येते येते म्हणू नकोस, म्हणते."

चिमटीनं उत्तर लिहिलं नाही. ती उठली. कपाटातून पिशवी काढली, तिच्यात दोन कपडे कोंबले. जाता जाता वाटेत पॉलिशवाल्याला लॅबचं दार उघडायला लावायचं, माप घ्यायची भांडी, मेण आणि दातांची पाकिटं घ्यायची, हे तिनं चालता चालताच ठरवलं. खुर्चीवर बसवलं नाही तरी चालेल, पडल्या पडल्याही माप घेता येतं, नीट उशी दिली की. मेण तिथंच स्वयंपाकघरात वितळवता येईल. ती एकेक गोष्ट अशी मोजून मनात मांडत होती, कारण मांडणं थांबलं की दुसरंच काहीतरी समोर येत होतं.

संगणक तिनं बंद केला नाही. पांढऱ्या केसांची बाहुली कुंपणाशी होती तशी उभी राहिली.

जिन्याच्या मधल्या वळणावर तिला आठवलं, ज्यासाठी एवढा जीव घाबरा झाला होता तो पासवर्ड विचारायचाच राहिला. ती क्षणभर थांबली, पण वर गेली नाही. याच जिन्यानं ताई पिशवी घेऊन उतरली होती. आता तिच्या हातात पिशवी होती, आणि पुढं दूरच्या शहरात ताईचं दार होतं. ते उघडेल तेव्हा भाची दारात उभी असेल. भाचीच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल, याची भीती घट्ट धरून चिमटी उरलेल्या पायऱ्या भराभर उतरू लागली.