साडूंचं शेवटचं गिऱ्हाईक

आमच्या साडूंइतका माणसांच्या कानांत शिरलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही. नव्वदच्या दशकात अमरावतीच्या राजापेठेत त्यांचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. आपण आवडीच्या गाण्यांची यादी द्यायची आणि दोन दिवसांनी ती भरलेली कॅसेट घेऊन जायची. यादी हातात आली की साडू आधी गिऱ्हाइकाकडे डॉक्टरसारखे बघत. गझला भरणारा प्रेमात आपटलेला, पॉप अल्बमवाला नुकताच गॉगल घेतलेला, झंकारवाला ऑटो चालवणारा किंवा घ्यायच्या विचारात असलेला. कव्वालीवाल्याला मात्र ते खुर्ची देत, कारण तो कधी घाईत नसे. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना साडूंनी मला काय ऐकता, एवढंच विचारलं. मी भीतभीत गझल म्हणालो. "पोरगा चांगला हाये, पन थोडा रडका हाये," असं त्यांनी सासऱ्यांना कळवलं. माझी बायको ते मला अजून ऐकवते.

दुकान कधीच बंद झालं, पण खोड गेली नाही. लग्नात जेवणाच्या रांगेत शेजारच्या अनोळखी गृहस्थाला ते एकदम विचारतात, "तुमी कॉलेजात पॉप ऐकत होते ना?" आणि तो बिचारा कबूल करून टाकतो.

मागच्या महिन्यात ते ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, कान दाखवायला अकोल्याला आमच्याकडे घेऊन आले. कान हळूहळू जाणार, असं डॉक्टर म्हणाले. मशीननं बोलणं कळेल, गाण्याचं सांगता येत नाही. घरी आल्यावर साडू मला बाजूला घेऊन म्हणाले, "साऱ्या गावाले गाणे भरून देल्ले राजेहो, पन हिले काय आवडते ते मले मालूमच नाही."

खरं म्हणजे ते त्यांनी विचारलंच नव्हतं, ठरवलं होतं. अंजनगाव सुर्जीला सासरे भजनी मंडळात टाळ वाजवायचे, तेव्हा मुलीला भक्तिगीतंच आवडणार! दर दिवाळीला एक साडी आणि भक्तिगीतांची एक कॅसेट. ताईंनी कधी तक्रार केली नाही.

दुपारभर साडू माझ्या स्पीकरवर एकेक प्रकार लावत बसले. गझल झाली, कव्वाली झाली, झंकार झाला. ताई गवार मोडत प्रत्येकाला "बरं हाये" म्हणत होत्या. शेवटी मीच म्हटलं, "ताई, खरं सांगा."

"भांगडा," ताई म्हणाल्या.

साडू उडालेच. पंजाबी ढोलाच्या त्या गाण्यांना त्यांनी दुकानात पाय ठेवू दिला नव्हता. बारा महिने कुणाच्या तरी वरातीत नाचायला मोकळे असतात त्यांचं ते गाणं, असं त्यांचं निदान.

"अवं, मंग कावून नाही सांगतलं?"

"त्या गाण्यावाल्याइले तुमी काय काय बोलत होते, ते मी ऐकत होती ना. शेजारी लागे, तं मी पोळ्या लाटता लाटता ऐकून घेवो."

मला साडूंकडे बघवेना. त्यांनी चष्मा पुसला, माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि म्हणाले, "सांग. कोनते कोनते भरू?"

ताईंना नावं कुठली ठाऊक? त्या चालीच गुणगुणू लागल्या, आणि हल्ली ऐकू कमी येतं म्हणून चांगल्या मोठ्यानं. साडूंना त्यातली एकही ओळखता येईना. पेन हातात धरून, मान तिरपी करून ते नुसतेच ऐकत राहिले.

"हे कोनतं वं?" ते म्हणाले. "पुन्हा म्हन."