पान किती तास ओलं?

शिकलगार सर भेटले की नमस्काराआधी विचारत, “पान किती तास ओलं व्हतं?” सांगलीच्या कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस स्कूटरवरून आमच्या द्राक्षबागा हिंडायचा. पान किती वेळ ओलं राहिलं, शंभर पानांत करपा रोगाचे ठिपके किती पानांवर, हे आम्ही बागायतदारांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळवायचं. त्यावरून गणित मांडून करपा कुठून कुठे सरकेल ते सर सांगत. फुकट!

मार्केट यार्डात हमाली करून मी बाग उभी केली. फुकट काही नसतं, हे मला पक्कं ठाऊक. तोंडावरच विचारलं, “आवं सर, कुठल्या औषध कंपनीचं काम करताय?”

“कंपनीचा असतो तर ‘फवारू नका’ म्हटलं असतं व्हय रं?” ते हसले. माझा संशय मात्र गेला नाही.

त्यात ग्रुपवर एक द्राक्षव्यापारीही होता. बागेला रोगट नाव पडलं की दर पडतो. त्या वर्षी छाटणीनंतरही पाऊस रेंगाळला. माझ्या शंभरातल्या चाळीस पानांवर ठिपके होते. मी चार कळवले.

सरांनी सांगितलं, “धोका कमी हाय, चार दिवस फवारणी थांबवा.” फवारलं तर बिंग फुटेल म्हणून मीही थांबलो. आठवड्यात माझी बाग करपली आणि शेजारच्या बापूची तर पार गेली. देवळासमोर सगळे सरांवर तुटून पडले. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

ते खाली मान घालून ऐकत राहिले. पांगापांग झाल्यावर त्यांनी मला स्कूटरपाशी बोलावलं आणि नकाशा उघडला. “तुझी चार पानं धरली, तर बापूच्या बागेत करपा पोचतच न्हाई. चाळीस धरली, की बरोब्बर पोचतो.” कागदाची घडी घालत म्हणाले, “गणिताशी घासाघीस करू नये, गड्या.”

बस्स, एवढंच. ग्रुप मोडला, तरी त्यांनी कुणापाशी माझं नाव काढलं नाही. माझा राग आहे तो ह्याचाच. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या, तर मीही घातल्या असत्या आणि विषय मिटला असता.

सर गेल्याला आता दोन पावसाळे झाले. परवा औषध कालवताना बापू पुन्हा म्हणाला, “त्या मास्तरनं माझी बाग खाल्ली.”

“मास्तरनं न्हाई, बापू.”

“मग कुणी रं?”

त्याच्या हातातली काठी थांबली. आयुष्यात पहिल्यांदा मी खरा आकडा आधी सांगितला.

“चाळीस व्हती. मी चार सांगितली.”