कुर्दांच्या डोंगरात आमची सवारी

पन्नाशी उलटल्यावर माणसानं गुडघे सांभाळावेत. मी पीएचडी काढली. विषयही असा, की आमच्या मानवत गावच्या मोंढ्यात, भर बाजारात सांगितला की लोक आधी तब्येत विचारायचे: इराणच्या पश्चिमेकडच्या कुर्द डोंगरांत इस्लाम आणि शिया पंथ सुरुवातीला कसा पसरला. मुदतवाढीही संपल्या होत्या. तोंडी परीक्षेत घसरलो की डॉक्टरेट कायमची गेली.

परीक्षा खुली असते, म्हणून चुलतभाऊ गावातून जीप भरून माणसं घेऊन आला होता. मी ऐटीत नकाशा लावला. ज्या कुर्द गावात शियांच्या इमामांवर, अली-हुसैनवर, श्रद्धा दिसली, ते मी बेधडक हिरवं रंगवून शिया ठरवलं होतं. सगळा डोंगर हिरवागार!

हैदराबादहून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "मोहरमला तुमच्या गावात सवारी निघते?"

सवारी म्हणजे इमाम हुसैनच्या आठवणीत काठीवर मिरवायचा पंजा.

"निघती की! आमच्याच घराचा मान हाय," चुलतभाऊ मागून ओरडला. "ह्यो सवारी घेऊन लय नाचतो, बाई!"

"आणि शनिवारी कुठल्या देवाला जाता?"

"पोखर्णीला, नरसिंहाला," मी बोलून गेलो.

"मग सर, तुमचं गाव कोणत्या रंगानं रंगवू?"

सभागृह हसलं. माझे मार्गदर्शक पंख्याकडं बघायला लागले. आख्खा प्रबंध माझ्याच घराच्या उंबऱ्याला अडखळून तोंडावर आपटला होता.

पण घरचा विषय निघाला आणि मला कंठ फुटला. "बाई, आजोबांनी नवस केला म्हणून पंजा घरात आला, देव बदलले नाहीत. तिथंही असंच झालं असणार. अरब फौजांनी शहरं आधी घेतली, डोंगर वळायला पिढ्या लागल्या. बहुतेक कुर्द सुन्नीच झाले, तरी अलीवर जीव. शिया पंथ रुजला तो काही भागांतच, हळूहळू. मी श्रद्धा रंगवली आणि तिलाच पंथ समजलो."

"हे प्रबंधात का नाही?"

"लिहिताना मी फार शहाणा होतो, बाई."

बाई खळखळून हसल्या. "ते प्रकरण दुरुस्त करून द्या. पदवीला माझी हरकत नाही."

"म्हंजी पास का?" चुलतभावानं विचारलं.

"पास!"

शिट्ट्या झाल्या, गुलाल उधळला. "सभागृहात गुलाल चालत न्हाई!" म्हणत शिपाई धावत आला, तर चुलतभावानं आधी त्याच्याच कपाळाला लावला.